घरबांधणी आणि सामायिक साधने

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. दोन्ही कामे माणसाची कसोटी पाहणारी. दोहोंत अंदाजाबाहेर पैसा जातो आणि दोहोंत शेजाऱ्यापाजाऱ्यांची मदत लागते. परंतु या जोडीपैकी लग्नाच्या बाबतीत आपल्या लोकांनी एक शहाणपण फार पूर्वीच मिळविलेले आहे. दोनशे माणसांचा भात शिजेल असे पातेले, पुलावाची देग, झारे, पराती, सतरंज्या, पाण्याची पिंपे या वस्तू कोणी गृहस्थ एका कार्यासाठी विकत घेत नाही. त्या जमातीच्या, मंडळाच्या किंवा देवस्थानाच्या भांडारात असतात. ज्याच्या घरी कार्य निघेल त्याने त्या न्याव्या, घासून-पुसून परत आणाव्या, काही हरवले तर भरून द्यावे. निकाह असो की मुंज असो, उरूस असो की महाप्रसाद असो, रिवाज एकच. यात कोणास कमीपणा वाटत नाही.

घराच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण अर्धेच वापरतो. घर बांधून झाले की उरलेल्या फरश्यांची दोन खोकी माळ्यावर जातात, शिडी भिंतीला टेकून गंजते, वाळूचा ढीग पहिल्या पावसात गटारात वाहून जातो. शेजारच्या गल्लीत त्याच आठवड्यात दुसरा गृहस्थ तशाच फरश्या, तशीच शिडी आणि तेवढीच वाळू विकत आणीत असतो. एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

आज जगभर ज्यास ‘शाश्वत बांधकाम’ म्हणतात त्याची चर्चा बहुधा मोठमोठ्या इमारती आणि नवनवीन यंत्रे यांच्याभोवती फिरते. आमच्या मते त्याची सुरुवात याहून साध्या ठिकाणी आहे. बांधकामास लागणाऱ्या पुष्कळ वस्तू आपल्या अवतीभवती आधीच आहेत. त्या बहुतेक काळ निजून असतात, एवढेच. त्या वाटून वापरल्या तर घर बांधणाऱ्याचा खर्च आणि सृष्टीवरचा भार हे दोन्ही कमी होतील. मात्र त्यासाठी नुसती सदिच्छा पुरत नाही. नोंद, तपासणी आणि जबाबदार माणूस या तीन गोष्टी लागतात. त्या का लागतात, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

भार किती, हे आधी पाहू

सिमेंट हा आजच्या घराचा प्राण होय. ते चुनखडीपासून होते. शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला आम्ही मुलांकडून एक हिशेब करवून घेतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड वायू होऊन हवेत जातो. हा वायू इंधनाचा नव्हे; तो दगडातच कोंडलेला असतो. भट्टीत कोळशाऐवजी दुसरे कोणतेही इंधन घातले तरी तो निघणारच. भट्टीच्या इंधनाचा धूर यावर वेगळा. जगात दरवर्षी सुमारे ४०० कोटी टन सिमेंट तयार होते आणि मानवी व्यवहारातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याला येतो.

वाळू आणि खडी यांचे असेच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगाचा वाळू-खडीचा वापर वर्षाला सुमारे ५,००० कोटी टन दिला आहे. वाळू उपसली की नदीचे पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींचे पाणी खाली उतरते, हे शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. विटेचा हिशेब तर अगदी सोपा आहे. एका विटेचे वजन तीन किलो धरले तर हजार विटा म्हणजे तीन टन भाजलेली माती. शेताच्या वरच्या थरातली अशी कसदार माती तयार व्हावयास कित्येक पिढ्या लागतात.

हे झाले येणाऱ्या मालाचे. जाणाऱ्या मालाचा हिशेब पाहिला तर, आपल्या देशात बांधकामाचा आणि पाडकामाचा राडारोडा दरवर्षी सुमारे १५ कोटी टन निघतो, असा बांधकाम-साहित्य क्षेत्रातील केंद्रीय परिषदेचा अंदाज अनेकदा दिला जातो. त्यातला पुष्कळसा तळ्यांच्या काठी, ओढ्यांत आणि रस्त्यांच्या कडेला पडतो. म्हणजे एका टोकाला डोंगर खचतो, दुसऱ्या टोकाला तळे बुजते आणि मधल्या मध्ये सामान्य माणूस दोन्हीकडचा खर्च सोसतो.

पहिले पडून असलेले साधन : खुद्द इमारत

सर्वांत मोठे पडून असलेले साधन आपल्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. ते म्हणजे बांधून तयार असलेली इमारत.

आम्ही शिक्षक असल्यामुळे शाळेचेच उदाहरण देतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १,००० अध्यापनाचे तास ठरवून दिले आहेत. वर्षाचे एकूण तास ८,७६०. म्हणजे वर्गखोली शिकविण्याच्या कामी येते ती वर्षाच्या जेमतेम एक नवमांश काळ. परीक्षा, साफसफाई, सभा यांसाठी हा काळ दुप्पट धरला तरी चतुर्थांशाच्या आतच राहतो. कार्यालये, मंगल कार्यालये, वाचनालये यांची स्थिती फारशी निराळी नाही.

आता समजा, एखाद्या गल्लीत मुलींसाठी शिवणवर्ग सुरू करावयाचा आहे, किंवा दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका हवी आहे. पहिला विचार येतो तो नवी खोली बांधण्याचा. एक हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा साधा स्लॅब घ्या. त्यात सुमारे ४१७ घनफूट, म्हणजे जवळजवळ १२ घनमीटर काँक्रीट जाते. एकास दीड व तीन या प्रमाणाने मिश्रण केले तर घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट लागते. म्हणजे फक्त छपरासाठी सुमारे ९५ पोती. तुळया, खांब, पाया आणि भिंती वेगळ्या. शेजारच्या शाळेची संध्याकाळी रिकामी असलेली खोली दोन तास मिळाली, तर ही सर्व पोती दुकानातच राहतील आणि तो पैसा शिवणयंत्रांवर व पुस्तकांवर खर्च होईल. जी खोली बांधावीच लागली नाही, तिच्याइतकी काटकसरीची खोली दुसरी नाही.

यात अडचणी आहेत, हे आम्ही जाणून आहोत. किल्ली कोणाकडे, दिव्याचे बिल कोणी भरावे, बाक मोडला तर जबाबदार कोण, या प्रश्नांवर अशा चांगल्या योजना अडून बसतात. त्यांची उत्तरे पुढे व्यवस्थेच्या भागात दिली आहेत.

दुसरे साधन : अवजारे आणि सेंटरिंग

वरच्याच स्लॅबचे उदाहरण पुढे चालवू. तीन फूट बाय दोन फूट मापाची लोखंडी प्लेट सहा चौरस फूट जागा झाकते. हजार चौरस फुटांना अशा सुमारे १६७ प्लेटा लागतात, शिवाय टेकू आणि फळ्या. एका घराच्या कामात हे सामान लावण्यापासून काढण्यापर्यंत दोन-तीन आठवडे गुंतते. वर्षाचे उरलेले दिवस ते दुसऱ्या कामावर गेले नाही तर नुसते गंजत पडते. म्हणूनच सेंटरिंग भाड्याने देण्याचा धंदा गावोगाव आहे आणि काँक्रीट कालविण्याचे मिक्सरही भाड्याने मिळतात. वाटून वापरण्याचे तत्त्व बाजाराला आधीच ठाऊक आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्यांचे पोट या धंद्यावर आहे त्यांच्या पोटावर पाय देण्याचे काम धर्मादाय संस्थेने करू नये.

परंतु बाजाराच्या या व्यवस्थेत एक धोका आहे, आणि तो जिवाशी गाठ असलेला आहे. सेंटरिंगचे भाडे जेथे दिवसावर मोजले जाते, तेथे दिवस वाढला की भाडे वाढते. घरमालक हातघाईला आलेला असतो, पुढच्या कामाची मागणी दाराशी उभी असते. मग ‘आता स्लॅब वाळला, काढा टेकू’ असा आग्रह सुरू होतो. स्लॅब ‘वाळत’ नसतो. पाण्याशी संयोग होऊन सिमेंट हळूहळू बळ धरीत असते, म्हणूनच त्यावर पाणी मारीत राहावे लागते. भारतीय मानक क्रमांक ४५६, सन २०००, यात याचे दिवस नेमून दिले आहेत. साधे पोर्टलँड सिमेंट असेल, हवेचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले नसेल आणि पाणी नीट मारले असेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू ७ दिवस ठेवावेत. गाळा याहून मोठा असेल तर १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या तुळईखाली १४ दिवस आणि त्याहून लांब तुळईखाली २१ दिवस. राखमिश्रित सिमेंट सावकाश बळ धरते, म्हणून त्याला यापेक्षाही अधिक वेळ द्यावयास हवा.

यावरून सामायिक भांडाराने कोणता नियम करावा हे आपोआप निघते. अशा भांडाराने टेकू आणि प्लेटा दिवसाच्या हिशेबाने न देता कामाच्या हिशेबाने द्याव्यात. एका स्लॅबचा आकार एकच. तो सात दिवसांत सुटो की एकवीस दिवसांत सुटो. म्हणजे घाई करण्यात कोणाचाच फायदा उरत नाही. वाटून वापरण्याची रीत चुकीची असेल तर काटकसर होईल, पण माणूस दगावेल. रीत बरोबर असेल तर दोन्ही वाचतील.

मोठ्या सामानापेक्षा लहान सामानाच्या बाबतीत असे भांडार अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते. लांब शिडी, पहारी, घमेली, पाणसळ, पाण्याची मोठी टाकी, ताडपत्री, फरशी कापण्याचे यंत्र, भिंतीला भोक पाडण्याचे यंत्र या वस्तू घरदुरुस्तीला वर्षातून दोन-चार दिवस लागतात. गवंड्याची थापी, ओळंबा आणि सुताराचा रंधा ही मात्र त्यांची स्वतःची हत्यारे. ती कोणी मागू नयेत. आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात पाऊस जबर. मृग लागण्यापूर्वीच्या पंधरवड्यात प्रत्येकास एकदमच कौले चाळावयाची असतात. अशा वेळी ज्याच्या घरात पाणी ठिबकते त्यास शिडी आणि ताडपत्री आधी, आणि ज्यास कुंपणाची भिंत बांधावयाची आहे त्यास नंतर, एवढा क्रम संस्थेने लावून दिला तर बाजारास जे जमत नाही ते होईल.

तिसरे साधन : जुन्या घराचे सामान

आपल्याकडे जुने घर म्हणजे जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंती, सागवानी वासे आणि मंगळुरी कौले. या कौलांची कथा उद्बोधक आहे. १८६५ साली बाझल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळुरास या कौलांचा कारखाना काढला आणि तेथून हे कौल सर्व किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पसरले. त्याच्या टिकाऊपणाचे रहस्य मातीइतकेच त्याच्या मांडणीत आहे. कौल रिपेवर नुसते अडकविलेले असते, चिकटविलेले नसते. एक फुटले तर एकच बदलता येते. घर उतरविले तर सर्व कौले काढून दुसऱ्या घरावर चढविता येतात. चुन्यात किंवा मातीत रचलेला चिरा आणि वीट यांचेही तसेच. हातोडीच्या हलक्या ठोक्याने मसाला झडतो आणि चिरा अखंड हाती येतो. सिमेंटच्या मसाल्यात घट्ट बसविलेली वीट मात्र सांध्यात सुटण्याऐवजी अंगात मोडते. म्हणजे घर पुढे उपयोगी पडेल की राडारोडा होईल, हे पुष्कळदा ते बांधतानाच ठरलेले असते.

तथापि, पाडण्याच्या रीतीवरही बरेच अवलंबून आहे. यंत्राने एका दिवसात घर जमीनदोस्त होते. हाताने उतरवावयास कित्येक दिवस लागतात. त्या दिवसांची मजुरी जास्त वाटते. परंतु साग, कौले, चिरे, दारांच्या चौकटी, शहाबादी फरशा यांची किंमत वजा घातली म्हणजे हिशेब अनेकदा उलटा होतो. जुना साग पूर्ण मुरलेला असल्यामुळे फिरत नाही, वाकत नाही. हे जाणणारे जुन्या लाकडाचे व्यापारी आणि भंगारवाले हेच आपल्या देशातले शाश्वत बांधकामाचे पहिले सेवक होत, जरी त्यांस हे बिरुद कोणी दिलेले नाही.

केरळात राहिलेले प्रसिद्ध वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी जुन्या मालाचा उपयोग ही एक विद्याच करून दाखविली. जुनी दारे, मोडक्या विटा, बाटल्या यांना त्यांनी सुंदर घरांत स्थान दिले. टाकाऊ मंगळुरी कौले त्यांनी स्लॅबच्या पोटात बसविली. स्लॅबचा खालचा भाग ताण सोसतो, आणि तो ताण सळया घेतात. तेथले काँक्रीट मुख्यतः जागा भरते. ती जागा कौलाने भरली की सिमेंट वाचते आणि वजनही घटते. अर्थात हे काम जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे.

ज्याचा चिरा किंवा वीट म्हणून उपयोग उरला नाही त्याचाही कस संपलेला नसतो. आपले जुने गवंडी मोडक्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घाणीत चुन्याबरोबर दळून मसाला करीत. १९११ साली काम सुरू झालेले म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर धरण अशाच सुरखीच्या मसाल्याने बांधले गेले. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या पोलंडच्या वॉर्सा शहरात मुरानूव नावाची नवी वस्ती उभारताना तेथल्याच ढिगाऱ्याचा चुरा काँक्रीटमध्ये घालून त्याचे ठोकळे पाडण्यात आले. आपल्या देशात दिल्लीच्या बुराडी येथे २००९ पासून राडारोड्याचे ठोकळे आणि खडी करण्याचा कारखाना आहे. भारतीय मानक क्रमांक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटची खडी वापरण्यास मर्यादा घालून परवानगी दिली आहे : सळयांविना काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळयांच्या काँक्रीटमध्ये एम २५ प्रतीपर्यंतच आणि तेही २० टक्क्यांपर्यंत, आणि पायाखालच्या कोब्यासारख्या हलक्या काँक्रीटमध्ये पूर्ण.

कायदाही आता मागे नाही. २९ मार्च २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका कामातून ३०० टन राडारोडा करणाऱ्यांवर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक आणि वीट-मसाला असे चार ढीग वेगळे ठेवण्याचे बंधन घातले. या जागी २०२५ साली नवे नियम प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरविण्यात आली. लहान घरवाल्यांनीही हे चार ढीग आपखुशीने करावेत. एकदा सर्व एकत्र कालविले की त्यातून काही निवडून काढणे म्हणजे सांडलेल्या साखरेतून रवा वेचण्यासारखे आहे.

चौथे साधन : कारखान्यांची राख आणि मळी

औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जळून उरणारी बारीक राख आणि लोखंडाच्या भट्टीतून निघणारी मळी, म्हणजे स्लॅग, या वस्तू एका कारखान्याचा कचरा आणि दुसऱ्याचा कच्चा माल आहेत. कर्नाटकात रायचूरजवळच्या शक्तिनगर येथे कोळशावरचे मोठे वीजकेंद्र आहे आणि बळ्ळारी भागात तोरणगल्लू येथे पोलादाचा मोठा कारखाना आहे. भारतीय मानकांप्रमाणे राखमिश्रित सिमेंटमध्ये राख १५ ते ३५ टक्के आणि स्लॅगच्या सिमेंटमध्ये स्लॅग २५ ते ७० टक्के असू शकते. जेवढी राख किंवा स्लॅग आत जाते तेवढा भाजलेल्या चुनखडीचा भाग कमी होतो, आणि वर सांगितलेला वायूचा हिशेबही तेवढाच उतरतो. राखेच्या विटांना भट्टी लागत नाही. चिकणमाती भाजून ती सिमेंटमध्ये मिसळण्याची नवी रीत आता मानकातही आली आहे (क्रमांक १८१८९, सन २०२३). आपल्या सुरखीची ही शास्त्रीय नात म्हणावयास हरकत नाही.

सामान्य माणसाने यात काय करावयाचे? दुकानात गेल्यावर पोत्यावर काय छापले आहे ते वाचावे, आणि ‘मिश्रित सिमेंट म्हणजे भेसळ’ हा समज सोडावा. भेसळ चोरून होते. हे मिश्रण मानक ठरवून, पोत्यावर छापून होते. फक्त पाणी जास्त दिवस मारावे आणि टेकू जास्त दिवस ठेवावेत.

काय वाटून घेऊ नये

काटकसरीच्या उत्साहात पुढील पाच वस्तूंपासून दूर राहावे.

पहिली, जुन्या स्लॅबमधून ओढून काढलेल्या वाकड्या, गंजलेल्या सळया. त्या सरळ करून नव्या स्लॅबमध्ये घालू नयेत. त्यांची जागा भट्टीत आहे, आणि तेथे त्यांचे पुन्हा उत्तम पोलाद होते. दुसरी, तीन महिन्यांहून जुने सिमेंट. हवेतील ओल लागून त्याचे बळ घटते. तपासून घेतल्याशिवाय ते वापरू नये. तिसरी, ॲस्बेस्टॉसचे पत्रे. ते फोडताना किंवा कापताना उडणारे तंतू फुप्फुसास घातक असतात. चौथी, विजेच्या जुन्या तारा आणि बटणे. पाचवी गोष्ट आई-बापांनी नीट ध्यानात घ्यावी. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगविलेल्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसे अधिक असू शकते, आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूस अपाय करते. दार घ्यावे, पण रंग घरात कोरडा खरवडू नये. पाणी लावून, उघड्यावर, मुले दूर असताना काढावा आणि निघालेला रंग गोळा करून ठेवावा.

व्यवस्था कशी असावी

वस्तू वाटून वापरण्याच्या योजना का फसतात, याची कारणे आपण सर्व जाणतो. कोणाकडे काय आहे हे ठाऊक नसते. नेलेली वस्तू परत येत नाही. आली तर मोडून येते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण उगीच पडलेली नाही. म्हणून आरंभीच सांगितलेल्या तीन गोष्टी हव्यात.

नोंद : एक जाड वही घ्यावी. तीत वस्तू, मालक, जागा, ती मोकळी केव्हा, नेणारा आणि परतीचा दिवस हे सहा रकाने आखावेत. उरलेल्या मालासाठी निराळे पान असावे : अमुक मापाच्या फरशा इतक्या, अमुक लांबीचे वासे इतके. आज बहुतेकांच्या खिशात फोन आहे. वस्तूचे छायाचित्र काढून ते सर्वांस पाठविता येईल. पण वही असावीच, कारण फोन बदलतो आणि वही राहते. सातवी-आठवीच्या मुलांस हे मोजमापाचे काम दिले तर क्षेत्रफळाचा आणि घनफळाचा धडा त्यांस आयुष्यभर विसरावयाचा नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. माल प्रत्यक्ष गोळा करण्याची घाई नसावी. तो ज्याच्या त्याच्या अंगणातच असू द्यावा. गोळा करावयाची आहे ती माहिती.

तपासणी : प्रत्येक वस्तू जाताना आणि येताना जाणत्या माणसाने पाहिली पाहिजे. टेकूचा पेच, शिडीची पायरी, यंत्राची तार, लाकडातील खिळे आणि वाळवी पाहणे हे गवंड्याचे, सुताराचे आणि तारतंत्र्याचे काम आहे. त्यांस त्याचा मोबदला द्यावा. फुकटची तपासणी फार दिवस टिकत नाही, आणि तपासणी सुटली की एक दिवस अपघात होतो.

जबाबदार माणूस : किल्ली एकाच्याच हाती असावी आणि त्याचे नाव सर्वांस ठाऊक असावे. अनामत रक्कम वस्तूच्या मानाने घ्यावी, पण ती देण्याची ज्याची ऐपत नाही त्याच्यासाठी दोन शेजाऱ्यांची हमी पुरे समजावी. नाहीतर ज्याच्यासाठी भांडार काढावयाचे तोच दाराबाहेर राहील. शाळेच्या किंवा सभागृहाच्या खोलीसही हाच नियम लावावा : एक किल्ली, एक वही, दिव्याचा ठरलेला आकार आणि मोडतोडीची आधीच लिहून ठेवलेली जबाबदारी.

हे सर्व कागदावरचे मनोरे आहेत काय? तसे नाही. कर्नाटक सरकारने २०१४ च्या सुमारास ‘कृषी यंत्र धारे’ नावाची केंद्रे होबळी पातळीवर सुरू केली. ज्या लहान शेतकऱ्यास ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र विकत घेणे परवडत नाही त्यास ते तेथून भाड्याने मिळते. यांतील अनेक केंद्रे धर्मस्थळाच्या ग्रामविकास योजनेसारख्या धर्मादाय संस्थांनी चालविली. नांगराला जे जमले ते शिडीला का जमू नये? अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली शहराच्या सार्वजनिक वाचनालयात १९७९ पासून पुस्तकांप्रमाणेच अवजारे घरी नेता येतात. वाचनालयास ही जोड मिळावी यात नवल नाही. वस्तू देणे, तारीख घालणे, परत घेणे आणि उशीर झाल्यास आठवण करणे ही कला ग्रंथपालास जेवढी येते तेवढी दुसऱ्या कोणास येणार?

शेवटी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अशा उद्योगाने जगातील सिमेंटच्या भट्ट्या थंड होणार नाहीत. मोठे बदल सरकारच्या नियमांनी, कारखान्यांच्या सुधारणांनी आणि अभियंत्यांच्या आराखड्यांनीच होतील. परंतु ज्याच्या घराचा एक वासा कुजला आहे, ज्याच्याजवळ दोन डझन कौलांचे पैसे नाहीत आणि पावसाळा तोंडावर आला आहे, त्यास हे बदल होईपर्यंत थांबता येत नाही. त्याचा वासा बहुधा दोन गल्ल्या पलीकडे पाडल्या जाणाऱ्या घरात आहे, आणि त्याची कौले कोणाच्या तरी परसात शेवाळत आहेत. मध्ये उणीव आहे ती एका वहीची आणि ती रोज उघडणाऱ्या एका माणसाची. वही स्वस्त आहे. माणूस मात्र आपणांपैकीच कोणी तरी व्हावयास हवा.